बुधवारी आठ बावन्नला

सलूनमध्ये दोन गिऱ्हाइकांची जुंपली होती, आणि तीही तीस वर्षांपूर्वी संपलेल्या एका मालिकेवरून. ती वकिलाची मालिका गुरुवारी लागायची असं एकाचं म्हणणं, तर दुसरा शुक्रवार सोडायला तयार नव्हता. तिसऱ्या खुर्चीत तोंडाला फेस लावून बसलेल्या काटेकाकांनी डोळे न उघडताच निकाल दिला.

"मंगळवार. साडेआठ ते सव्वानऊ. पहिला ब्रेक पावणेनऊला, दुसरा नऊला. गुरुवारी विनोदी मालिका असायची आणि शुक्रवारी भुताची."

सलूनवाल्याचा वस्तरा हवेतच राहिला. मग त्याने काकांची उलटतपासणीच घेतली. सोमवारी काय? डॉक्टरांची मालिका. बुधवारी? तीन बहिणींची. त्या वेळी दुसऱ्या चॅनेलवर काय चालायचं? काकांनी तेही मिनिटांसकट सांगितलं. दाढी संपेपर्यंत काका सलूनमधले सर्वांत विद्वान गृहस्थ ठरले होते, आणि संध्याकाळी वाचनालयाच्या ग्रंथपालबाई त्यांच्या घरी हजर झाल्या. जुन्या टीव्हीच्या दिवसांवर शनिवारी एक कार्यक्रम ठेवलाय, काकांनीच बोलावं, असा त्यांचा आग्रह होता. काका हो म्हणून बसले.

बाई गेल्यावर काकूंनी दार लावलं आणि शांतपणे विचारलं, "त्यातला एक तरी भाग पाहिलाय का तुम्ही?"

काकांनी एकही पाहिला नव्हता. कसा पाहणार? एकतीस वर्षं ते शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात दुपारी दोन ते रात्री दहा अशा पाळीवर होते. समोर पाण्याचा दाब दाखवणारी भलीमोठी तबकडी आणि तिच्यातला काटा. काट्यावरून नजर हटत नसे म्हणून सहकाऱ्यांनी काटेकाका हे नाव ठेवलं. कॉलनीतल्या निम्म्या लोकांना ते त्यांचं आडनाव वाटे.

नोकरीला लागल्यावर महिनाभरातच त्यांच्या लक्षात आलं, की रोज संध्याकाळी ठरावीक वेळी काटा धाडकन खाली येतो. टीव्हीवर जाहिराती लागल्या की अख्खं शहर एकदम उठे आणि एकदम नळ सोडी. तेव्हापासून वर्तमानपत्रातलं कार्यक्रमांचं पान त्यांच्या टेबलाच्या काचेखाली असे. ब्रेकच्या दोन मिनिटं आधी ते तिसरा पंप चालू करत. मालिका जितकी रंगे, तितका ब्रेकपर्यंत काटा निश्चल राही आणि नंतर तितकाच खोल कोसळे. एकही प्रसंग न बघता काकांना कळे, आज वकिलाने बाजी मारली किंवा भुताने निराशा केली. आणि ज्या कुणी आठवड्याच्या कार्यक्रमांचा हा क्रम लावला होता, त्याच्याबद्दल त्यांना फार आदर वाटे. त्या माणसाला माणसं कळत होती. सोमवारी कामाला जुंपलेल्यांना धीर द्यायला डॉक्टर, मंगळवारी वाद घालायला वकील, आणि गुरुवारी, आठवडा सरता सरत नाही अशा वेळी, हसू.

दुसऱ्या दिवशी खरं काय ते सांगायला काका वाचनालयात गेले. दारातच फलक लागला होता: ‘आमच्या सोनेरी संध्याकाळी. जाणकार प्रेक्षकाच्या आठवणी’. अक्षरं अजून ओली होती. सत्तर खुर्च्या सांगितल्यात, असं बाई इतक्या आनंदाने सांगू लागल्या की काका फलकावरच्या अक्षराचं कौतुक करून परतले.

आता काकूंचीच शिकवणी लावणं भाग होतं. काकूंनी सगळ्या मालिका पाहिल्या होत्या. पण त्या शिक्षिका, आणि त्या वेळात मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असे. एक डोळा टीव्हीवर, एक मुलांच्या भूमितीवर. त्यामुळे त्यांच्या आठवणीत वकिलाचं लग्न थोरल्या बहिणीशी झालं होतं आणि भूत डॉक्टरांच्या दवाखान्यात नोकरीला होतं. काकांनी सगळं इमानदारीने वहीत उतरवून घेतलं.

शनिवारी सत्तर खुर्च्या भरून माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. काकांनी सोमवार कसाबसा पार पाडला. मंगळवारी मात्र त्यांनी वकिलाला हृदयविकाराने मारलं आणि सभागृहात कुजबुज सुरू झाली. चष्मेवाले एक गृहस्थ उठून म्हणाले, वकील शेवटच्या भागात न्यायाधीश झाला होता, मेला कधी? तिसऱ्या रांगेतून काकूंनी ठणकावून सांगितलं, मेला होता, त्या दिवशी त्या सहावी ‘ब’चे पेपर तपासत होत्या. मागून कुणीतरी वकिलाच्या बाजूने बोललं, कुणी काकूंच्या. ग्रंथपालबाई टेबलावर पट्टी आपटू लागल्या.

काकांनी वही मिटली.

"माफ करा," ते म्हणाले. "मी यातलं काहीच पाहिलेलं नाही. मी पाणी सोडत होतो."

मग त्यांनी पंपघर सांगितलं, तबकडी सांगितली, तिसरा पंप सांगितला. वकिलाच्या निकालाच्या मंगळवारी ब्रेकमध्येसुद्धा काटा हलला नव्हता, कारण ब्रेक संपायच्या भीतीने कुणी उठलंच नव्हतं, हे ऐकून चष्मेवाले गृहस्थ खाली बसले. लोक खुर्च्या पुढे ओढून घेऊ लागले. धीर आला तसं काकांनी तीस वर्षं मनात सलत असलेलं एक कोडंही सांगून टाकलं. एका बुधवारी, आठ बावन्नला, ब्रेक नसताना काटा कोसळला. इतका कोसळला, की मोठी जलवाहिनी फुटली असं समजून त्यांनी साहेबांना फोन केला. गुरुवारी सकाळी तीन ठिकाणी रस्ता खोदला. सगळं कोरडं ठणठणीत. नोंदवहीत त्यांनी लिहिलं, कारण अज्ञात.

मग भिंतीशी उभी असलेली एक बाई हळूच म्हणाली, "त्या दिवशी मालिकेतली मधली बहीण गेली. आमचे बाबा न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले होते. रडल्याचं आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून."

"आमचेही," कुणीतरी म्हणालं. चष्मेवाल्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आपण स्वतःच नळ सोडला होता, हे त्यांनी कबूल केलं. एकेक करत बरेच हात वर झाले. काका टेबलाला धरून उभे राहिले. एवढं शहर एकाच मिनिटाला रडलं, आणि ते त्यांच्या एकट्याच्या डोळ्यांदेखत घडलं होतं. त्यांनी मात्र कुदळी मागवल्या होत्या.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून काठी टेकत एक वयस्क बाई उठल्या. चेहऱ्यावर सुरकुत्या होत्या, पण त्या पुढे येऊ लागल्या तशी लोकांनी ओळखलं आणि अख्खं सभागृह उभं राहिलं. मधली बहीण.

काकांनी हात जोडले. इतकी वर्षं ज्यांचं कौतुक फक्त काट्यावर वाचलं होतं त्या समोर उभ्या होत्या. बाईंनी मात्र नमस्काराकडे लक्ष दिलं नाही.

"ते तीन खड्डे कुठे खोदले होते?" त्यांनी विचारलं.

काकांनी सांगितलं. एक टाकीजवळ, एक शाळेच्या कोपऱ्यावर आणि एक जुन्या छापखान्यासमोर.

"छापखान्यासमोर माझं घर होतं," बाई म्हणाल्या. "मधलीची जुळी बहीण म्हणून मी पुढच्या बुधवारी परत येणार होते. गुरुवारी शूटिंगला निघाले आणि तुमच्या खड्ड्यात पडले. पाय मोडला. भूमिका दुसरीला गेली."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. ते माफी मागू लागले. बाईंनी त्यांचा हात धरला.

"घाबरू नका हो. नाटकांच्या प्रयोगांमुळे वीस वर्षं एकही संध्याकाळ घरी मिळाली नव्हती मला. पाय प्लॅस्टरमध्ये घालून तीन महिने टीव्हीसमोर बसले. सोमवार ते शुक्रवार, एक मिनिट चुकवलं नाही. काय सुंदर संध्याकाळी होत्या त्या."

ग्रंथपालबाईंनी लगबगीने व्यासपीठावर दुसरी खुर्ची आणली. काकांनी ती बाईंना दिली, स्वतः खाली उतरले आणि काकूंच्या शेजारी सलूनवाल्याने रिकाम्या केलेल्या जागेवर बसले.

"वकील मेला होता की नाही, तेवढं आधी विचारा," काकू त्यांच्या कानात म्हणाल्या.

काकांनी नकारार्थी मान हलवली.

"सोमवारपासून सांगा, बाई," ते म्हणाले. "मला काहीच माहीत नाही."