सागवानी जमिनीवरची पंगत

हे खरं तर मी सांगायला नको होतं. आईनं बजावलंय, घरातलं घरात राहू दे. मी एरवी वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नाही, त्यामुळे तिचा माझ्यावर विश्वास आहे. पण ही गोष्ट पोटात ठेवणं मला जड चाललंय.

गोष्ट आमच्या बाबांची. नाव हेमचंद्र, नोकरी विमा कंपनीत, स्वभाव अतिशय सावध. गिरगावची चाळ सोडून आम्ही दादरला नव्या इमारतीत आलो, तेव्हा स्वयंपाकघराला लागून एक छोटी खोली मिळाली. किल्ली हातात आल्याबरोबर आई म्हणाली, "इथं टेबल."

"टेबल कशाला? आपण खाली बसून जेवतो की," बाबा म्हणाले.

"तुम्ही बसता. मी वाढते. टेबल असलं की भांडी मध्ये ठेवायची, ज्यानं त्यानं वाढून घ्यायचं. मला एकदा तरी सगळ्यांबरोबर बसून गरम जेवायचंय."

बाबांनी मान डोलावली. (बाबा ऐकतात मनापासून, पण अर्धंच.) त्यांनी मोबाईलवर डायनिंग रूमचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. त्या व्हिडिओंत टेबलाकडे कुणी बघतच नव्हतं, सगळे जमिनीचं कौतुक करत होते. ओक, बांबू, कॉर्क. बाटलीच्या बुचाचीही जमीन करतात हे कळल्यावर बाबांना आजवरचं आयुष्य फुकट गेल्यासारखं वाटलं. एक बाई म्हणाल्या, नैसर्गिक जमीन तुमच्या पायांशी बोलते. बाबांनी अनवाणी उभं राहून बघितलं. आमच्या टाइल्स गप्प होत्या.

शेवटी टेबलासाठी लाकूड बघायला म्हणून बाबा रे रोडच्या वखारीत गेले आणि जमीन घेऊन आले.

कुठल्याशा पाडलेल्या इमारतीतलं जुनं सागवान होतं ते. मिस्त्रींनी फळ्या बसवल्या, घासल्या, पॉलिश केलं. खोली मधासारखी दिसायला लागली. जाताना मिस्त्री सहज बोलून गेले, "साब, बस पानी से संभालना." त्या वाक्यानंतर बाबा पूर्वीचे राहिले नाहीत.

मग तयार टेबल आलं. ते दारातच राहिलं, कारण दारात बाबा उभे होते.

"पायांनी ओरखडे पडतील."

आईनं माझे शाळेचे मोजे टेबलाच्या पायांत घातले आणि ते आत ढकललं. तेव्हा टेबल इतकं छान घसरायला लागलं, की तिनं कुकर ठेवल्याबरोबर ते कुकर घेऊन खिडकीकडे निघालं. बाबांनी टेबल हॉलमध्ये नेऊन ठेवलं. "थोडे दिवस," ते म्हणाले. "पॉलिश मुरू दे."

"लोणचं आहे का ते?" आई म्हणाली.

त्यातच मृणालिनीआत्याचा फोन आला. ती आणि रघुवीरकाका रविवारी जेवायला आणि जमीन बघायला येणार होते. शनिवारी सकाळी बाबांनी जमिनीवर प्लॅस्टिक अंथरलं, त्यावर सतरंजी आणि सतरंजीवर जुन्या चादरी. पाट वर्ज्य, कारण पाटाला खिळे असतात.

रविवारी आत्या दारात उभी राहून बघत राहिली. "हेमू, लाकूड कुठाय रे?"

"खाली आहे."

बाबांनी एका कोपऱ्यात चादर, सतरंजी आणि प्लॅस्टिक उचलून हातभर जमीन दाखवली. आत्या वाकली. मग काका वाकले.

"छान आहे," काका म्हणाले. "बाकीची पण अशीच आहे का?"

"आम्ही गिरगावातून चादरी बघायला आलो होय?" आत्या म्हणाली. "काढ ते सगळं. लोकं दाखवायला जमीन करतात, तू झाकायला केलीस."

हे मात्र बाबांना लागलं. त्यांनी सगळं गुंडाळलं. ऊन आत आलं, सागवान चमकलं, आत्या चक्क 'अय्या' म्हणाली आणि बाबा सुखावले. त्या सुखाच्या भरात सगळे नुसत्या जमिनीवर जेवायला बसले. आई नेहमीसारखी ओट्याजवळ उभी, हातात डाव.

आता रघुवीरकाका ताटाभोवती पाणी फिरवल्याशिवाय घास घेत नाहीत, हे बाबा लहानपणापासून नाही तरी आत्याच्या लग्नापासून जाणत होते. पण ते पाणी जमिनीवर पडतं, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. काकांनी ओंजळीत पाणी घेतलं, डोळे मिटले आणि ताटाभोवती धार सोडली. बाबा खिशातला रुमाल काढून धारेमागून ताटाला प्रदक्षिणा घालून आले.

काकांनी डोळे उघडले. ताटाभोवती कोरडं ठणठणीत. "घातलं ना मी पाणी?"

"घातलंत," आत्या म्हणाली. "हेमूनं पुसलं."

"असं कसं? पाणी राहायला हवं." काकांनी शांतपणे दुसऱ्यांदा धार सोडली. बाबांचा हात त्यांना न विचारता निघाला आणि पुसून परत आला. तिसऱ्या वेळी काकांनी डोळे उघडेच ठेवले.

"रघुवीरराव, थेंबभर घाला ना. समजून घ्या," बाबा काकुळतीला आले.

"देवाला काय समजून घ्यायला सांगू, पॉलिश ओलं आहे?"

शेवटी आत्यानं तोडगा काढला. काकांचं ताट परातीत ठेवलं, पाणी परातीत पडलं, आणि काका परातीत जेवू लागले. बाबांनी श्वास सोडला. तेवढ्यात आई अळूच्या फदफद्याचं भरलेलं पातेलं घेऊन उंबऱ्यात आली.

बाबांनी त्या हिरव्या, हलत्या पातेल्याकडे बघितलं. "थांब. आत येऊ नकोस."

"मग वाढायचं कसं? फेकून?"

"दे इकडे. मी वाढतो."

"आणि मी?"

"तू बस. जितकी माणसं कमी हलतील तितकं बरं."

आईनं पातेलं बाबांच्या हातात दिलं, पदराला हात पुसले आणि माझ्या शेजारी येऊन बसली. आत्यानं तिच्यापुढे ताट सरकवलं.

बाबा वाढत होते. डावाखाली ताटली, ताटलीखाली रुमाल, आणि ओणव्यानं चालणं. गुडघा मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"मला जरा कढी," आई म्हणाली. इतक्या वर्षांत जेवताना तिनं काही मागितल्याचं मला आठवत नाही. बाबा कढी घेऊन आले. "गरम आहे का?" तिनं विचारलं. बाबा परत जाऊन गरम करून आले.

"पुरी वाढ रे हेमू लतिकेला, लाजतेय ती," आत्या म्हणाली.

"लाजत नाही वन्सं," आई म्हणाली. "चवीनं खातेय."

सगळे उठल्यावर बाबांनी जमीन चारी बाजूंनी तपासली. एक डाग नव्हता. मग ते स्वयंपाकघरात टाइल्सवर उभे राहून जेवले. पुऱ्या दोन उरल्या होत्या, दोन्ही वातड.

"श्रीखंड?" त्यांनी विचारलं.

"संपलं," आई म्हणाली. "शेवटी बसलं की असं होतं कधी कधी."

तेव्हापासून टेबल हॉलमध्येच आहे. मी त्यावर अभ्यास करते. ते आत घ्यायचं का, असं परवा बाबांनीच विचारलं, तर आई म्हणाली, "नको हो. एवढी सुंदर जमीन. माझा हात थरथरतो, सांडलं म्हणजे? तुम्ही किती जपून वाढता." बाबा त्या दिवसापासून आणखी जपून वाढतात.

काल आत्याचा फोन आला, वखारवाल्याचा नंबर हवा म्हणून. तिलाही अशीच जमीन करायची आहे. बाबांनी नंबर दिला, वर पॉलिशची माहिती दिली, आणि फोन ठेवून आईला म्हणाले, "बघितलंस? ताईला लाकडातलं कळतं." आई तोंडाला पदर लावून खोकत आत गेली. मीही वहीत तोंड घातलं, कारण आमच्या घरात आता एकट्या बाबांनाच अजून हे कळलेलं नाही, की—

"इरावती, चल, बस पानावर. कढी घेऊन उभा आहे मी."