शांत खोलीतली शिट्टी

"संध्याकाळच्या चहाच्या आत चोर पकडून दाखवतो," असं कानसेनांनी रविवारी दुपारी जाहीर केलं, तेव्हा घरातून काहीही चोरीला गेलेलं नव्हतं. झालं होतं एवढंच, की जेवणं आटोपून घर जरा पेंगत होतं आणि त्या शांततेत कुठूनतरी एक शिट्टी वाजत होती. बारीक, लांबलचक, मध्ये श्वासही न घेणारी.

"मला नाही ऐकू येत शिट्टीबिट्टी," बायको म्हणाली.

"तुला कशी येईल? त्याला कान लागतो."

तो कान त्यांच्याकडे होता, यात वाद नव्हता. कानसेन हे काही पाळण्यातलं नाव नव्हे, ते त्यांना कारखान्यानं बहाल केलं होतं. कारखाना टेबलफॅनचा. पाती बसवण्याआधी प्रत्येक मोटर कानसेनांच्या शांत खोलीत यायची. भिंतींना जाड गाद्या, एक टेबल, एक खुर्ची, बाकी काही नाही. कानसेन मोटरकडे पाठ करून, डोळे मिटून बसत. डोळ्याला काम दिलं की कान आळशी होतो, असं त्यांचं म्हणणं. जोडणी विभागातलं कुणीतरी मोटर चालू करायचं, कानसेन ऐकायचे आणि दोष असला तर बोट वर करायचे. त्या बोटापुढे मॅनेजरबाईंचंही काही चालत नसे. ही खुर्ची मिळण्यापूर्वी उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशेजारी उभ्यानं काढली होती, आणि आता निवृत्तीपर्यंत तिथून हलायचं नाही असा त्यांचा बेत होता. अशा माणसाला स्वतःच्या घरातली शिट्टी सापडू नये, म्हणजे काय?

पहिला संशय सासरेबुवांवर गेला. सासरेबुवा हवापालटासाठी आले होते आणि हवा मानवल्यामुळे राहिले होते. त्यांच्या कानात ऐकायचं यंत्र असे, आणि ते नीट बसलं नाही की शिट्टी मारतं, हे कानसेनांना ठाऊक होतं.

"बाबा, यंत्र काढा."

"काय?"

"अहो, यंत्र काढा कानातलं."

सासरेबुवांनी काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. "काढलं. आता बोला, काय म्हणत होता?"

यंत्र बिस्किटांच्या डब्यात गेलं, डबा कपाटात आणि कपाटाला कुलूप. शिट्टी चालूच. मग फ्रिज बंद झाला. शिट्टी चालू. मग घड्याळांतले सेल निघाले आणि घरातली वेळ जागच्या जागी थांबली. शिट्टी चालूच. कानसेनांच्या मनात पाल चुकचुकली. आवाज घरातला नसणार, कुणीतरी तो घरात सोडतंय.

वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या. त्यांनी डोळे चोळत दार उघडलं.

"तुम्ही काय चालू ठेवलंय?"

"झोपले होते हो मी."

कानसेनांनी चौकटीतून आत कान दिला. "खोटं नका बोलू. इथंसुद्धा शिट्टी येतेय."

"मग तुमच्याबरोबरच आली असेल," बाई म्हणाल्या. "तुम्ही येईपर्यंत नव्हती."

इतकं सरळ उत्तर मिळूनही ते कानसेनांच्या डोक्यात शिरलं नाही, त्यांना तो निव्वळ उद्धटपणा वाटला. ते तसेच गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीला कान लावून झाला. तिथून तळमजल्यावर इस्त्रीवाल्याकडे. जिथं जावं तिथं शिट्टी, आणि जो भेटेल तो म्हणणार, आम्हाला नाही बुवा येत. सगळेच नाही म्हणतात, म्हणजे सगळे सामील आहेत, असा निष्कर्ष काढून कानसेन घरी परतले. फ्रिजमधलं दूध नासलं होतं. चहाही झाला नाही.

सोमवारी थांबलेल्या घड्याळांमुळे बायको कामावर उशिरा पोचली. कानसेन मात्र वेळेआधीच शांत खोलीत हजर होते, कारण तिथं तरी शेजारीपाजारी नव्हते. गादीचं दार बंद झालं, पहिली मोटर फिरली, आणि तिच्या घरघरीवर चढून तीच शिट्टी आली.

कानसेनांना भीती वाटायला हवी होती. त्यांना हायसं वाटलं. चोर सापडला होता. बेअरिंग! बोट वर झालं. दुसरी मोटर, बोट वर. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोट खाली आलंच नाही. दोनतीन दिवसांत नापास मोटरींचा ढीग खोलीच्या दारातून व्हरांड्यात आणि व्हरांड्यातून जोडणी विभागाच्या मुकादमाच्या टेबलापर्यंत पोचला.

मुकादम तिरीमिरीत आला. "कानसेन, बेअरिंग मी स्वतः फिरवून बघितलीत. लोण्यासारखी चालतात."

"मग लोण्यालाच शिट्टी असेल."

"माझी माणसं मोटरी उघडून उघडून थकली. सापडत काही नाही."

"सापडू नये अशीच व्यवस्था केली असेल कुणी तर काय सापडणार?"

हे बोलताना कानसेनांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की मुकादमाला आपलंच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कानसेनांच्या डोक्यात आता सगळा कट जुळला होता. मुकादमाचा डोळा या खुर्चीवर आहे. त्यानं मुद्दाम वाईट बेअरिंग आणली. घरी शिट्टी सोडणारा माणूसही त्याचाच. तो वरच्या बाईंकडे उतरला असणार. मुकादमाची माणसं मोटरी उघडून थकताहेत, हे खुर्चीत बसणाऱ्याला कसं कळावं, हा भाग वेगळा.

शेवटी मॅनेजरबाई मध्ये पडल्या. शांत खोलीत त्या, मुकादम आणि कानसेन असे तिघे जमले. "काका, माझ्यासमोर एक मोटर ऐका. त्यावर जे ठरेल ते ठरेल. बेअरिंग खराब असतील तर मुकादमांना जाब विचारते. नसतील तर या खोलीचा मला वेगळा विचार करावा लागेल."

कानसेन पाठ करून बसले. डोळे मिटले. मागं टेबलावर मोटर ठेवल्याचा ठक् असा आवाज झाला. मग ते ऐकत राहिले. इतकं जीव ओतून त्यांनी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. बऱ्याच वेळानं बोट वर झालं.

"शिट्टी आहे. डावीकडचं बेअरिंग."

"नक्की?"

"माझ्या कानाची खात्री आहे मला. आणि मुकादम, एक मान्य करतो. बाकी मोटर झकास. घरघर नाही, थरथर नाही. इतकी शांत मोटर या कारखान्यात आजवर झाली नाही."

कानसेनांनी वळून पाहिलं. मोटर टेबलावर होती, आणि तिची वायर मॅनेजरबाईंच्या हातात गुंडाळलेली होती.

"चालूच नव्हती केली, काका."

कानसेनांनी आधी वायरीकडे संशयानं पाहिलं, मग भिंतीकडे, मग छताकडे. संशय घ्यायला आता काहीच शिल्लक नव्हतं. शिट्टी मात्र वाजत होती. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मुकादम हसेल असं त्यांना वाटलं होतं. तो मुकाट्यानं पाणी घेऊन आला, आणि त्याचंच कानसेनांना जास्त लागलं.

कानाच्या डॉक्टरांकडे जातानाही, मॅनेजरबाईंनी डॉक्टरांना आधीच फोन करून ठेवला असेल, ही शंका होतीच. डॉक्टरांनी दोन्ही कानांत डोकावून पाहिलं. मळ नव्हता. शिट्टी एका कानात की दोन्ही, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजते का, चक्कर येते का, एकाएकी कमी ऐकू यायला लागलं का, असं बरंच विचारलं. मग त्यांना काचेच्या खोलीत बसवून, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. कानसेनांनी बटण दाबलं ते सोडलंच नाही.

"अजून सुरू केलं नाही मी," डॉक्टर बाहेरून म्हणाले.

हे वाक्य ऐकायची आता सवयच करून घ्यावी लागणार होती.

तपासणी संपली. "घाबरण्यासारखं काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला बारीक, वरच्या पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात. प्रेसशेजारी वर्षं काढलीत, कानाला काही न लावता. आता कानाकडून ते आवाज येत नाहीत म्हणून मेंदू कान ताणून बसतो आणि स्वतःच काहीतरी ऐकतो. तीच ही शिट्टी."

"औषध द्या."

"हिला पुसून टाकणारं औषध माझ्याकडे नाही. पण सवय होते. दिवसचे दिवस आठवणही येत नाही. फक्त तिचा पाठलाग सोडा. आहे का, गेली का, असं सारखं बघत बसाल तर ती वाढल्यासारखी वाटेल. झोप नीट घ्या, मोठ्या आवाजात कान झाका, आणि सोबतीला हळू आवाजात काहीतरी चालू ठेवा. पुढंमागं ऐकायचं यंत्र लावलंत तर त्यानंही फरक पडेल."

बिस्किटांचा डबा आठवून कानसेनांनी मान खाली घातली.

"आणि हो, अगदी शांत जागी फार वेळ बसू नका."

"माझा पगारच त्याचा आहे हो, डॉक्टर."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. खुर्ची काढली नाही. शेजारी दुसरी ठेवली आणि तिच्यावर मुकादमाला बसवलं. दोघांची बोटं वर झाली तरच मोटर नापास. शिवाय खोलीचं दार मधून मधून उघडं राहणार. इतकी वर्षं ज्या बोटापुढे कुणाचं चालत नव्हतं, ते आता शेजाऱ्याच्या बोटाची वाट बघणार होतं. पहिल्या दिवशी कानसेन अगदी कानकोंडे होऊन बसले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. शिट्टी बाहेर नाही, आत आहे. जाणार नाही. खुर्ची अर्धीच उरली.

बायको भाजी चिरत होती. "शिट्टीसारखी असते होय तुमची? माझी किरकिर असते. रातकिड्यांसारखी."

"तुझी?"

"किती वर्षं झाली. मला वाटायचं, घर शांत झालं की सगळ्यांनाच तसं ऐकू येतं."

ज्या माणसानं टाकीला कान लावला होता, इस्त्रीवाल्याची उलटतपासणी घेतली होती, त्यानं घरात बायकोला, तुला काय ऐकू येतं, एवढं विचारलं नव्हतं. त्यांना एकदम फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

"मग तू काय करतेस?"

"स्वयंपाकघरात रेडिओ लावते हळू आवाजात. तेवढ्यात तुम्ही येऊन बंद करता. तुमच्या कानाला त्रास होतो म्हणून."

कानसेन उठले. कपाट उघडून यंत्र सासरेबुवांच्या हातात दिलं. मग स्वयंपाकघरात येऊन रेडिओ लावला, तिला पुरेल आणि आपल्यालाही पुरेल इतका, आणि बायकोशेजारी शेंगा सोलायला बसले. बऱ्याच दिवसांनी शिट्टी कुठं आहे ते त्यांनी बघितलं नाही.

"जावईबापू," आतून सासरेबुवांचा आवाज आला, "जरा हळू लावा तो रेडिओ. इथं माणसांना ऐकू येतं."