धोंडीभाऊ आणि हिरडेवाडीचा टॉवर

पेपरात कुठेही मोबाईलच्या टॉवरची बातमी आली, की धोंडीभाऊ ती ब्लेडने कापतात, जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत चिकटवतात आणि शेजारी लाल पेनाने शेरा मारतात: 'जाऊन पाहिला' किंवा 'न्हाई पाहिला'. दुसराच शेरा जास्त. ओतूरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात ते रोज सकाळी आठला हजर असतात, कारण माझ्याकडे पेपर फुकट येतो. तो फुकट येतो, कारण मी त्या पेपरचा इथला बातमीदार आहे. आणि तेच माझ्या मुळावर आलं.

धोंडीभाऊ टेलिफोन खात्यात लाइनमन होते. उभा जन्म खांबावर चढण्यात गेला. त्यामुळे मी कसलीही बातमी देवो, पाणीटंचाईची किंवा लेण्याद्रीच्या पायऱ्यांवरच्या गर्दीची, त्यांचा प्रश्न एकच: "तुमी गेलता का तितं?" फोनवर घेतली म्हटलं, की चष्म्यावरून असे बघतात, की जणू मी खांबावर न चढताच फॉल्ट काढल्याची सही ठोकली आहे.

मध्यंतरी पेपरांना एक नवीन खूळ लागलं. पूर्वी मोबाईलचं नेटवर्क म्हणजे अँटेनापासून आतल्या सॉफ्टवेअरपर्यंत सगळं एकाच कंपनीचं. आता ते सुटं सुटं करायचं: यंत्रांची पेटी एकाची, अँटेना दुसऱ्याचा, सॉफ्टवेअर तिसऱ्याचं. स्वस्त पडतं आणि कुणा एकाच्या दावणीला बांधून राहावं लागत नाही, म्हणतात. आमच्या पेपराने तर महिनाभर 'क्रांती'शिवाय दुसरा शब्दच वापरला नाही.

"चांगलंय की," धोंडीभाऊ म्हणाले. "लग्नात बी मांडव एकाचा आस्तो, आचारी दुसऱ्याचा, वाजंत्री तिसऱ्याची. पर भात करपला म्हंजी? मांडववाला म्हनतो माजा काय संबंध, वाजंत्रीवाला म्हनतो माजा काय संबंध. खरं हाय त्यांचं. पर पावणा उपाशीच ना, राव? ह्ये एकबी पेपरवाला लिवत न्हाई."

एकदा त्यांनी माझ्यापुढे तीन बातम्या मांडल्या. गावं तीन, फोटो एकच. आणि फोटोतल्या टॉवरच्या मागे चक्क बर्फाचा डोंगर. "ह्यो बर्फ कुटला? माळशेजला पडला का?" त्यांनी विचारलं. मी झेरॉक्स मशीनमध्ये उगीचच कागद भरू लागलो, कारण तिन्हींपैकी एक बातमी माझी होती.

मग हिरडेवाडीची प्रेसनोट आली. तिथे ह्याच नव्या पद्धतीचा टॉवर सुरू झाला म्हणे. हिरडेवाडी पार पश्चिमेला, डोंगरात; जाऊन यायचं तर अख्खा दिवस मोडतो. मी काही तो मोडला नाही. उलट 'ग्रामस्थांनी पेढे वाटून आनंद व्यक्त केला' हे वाक्य पदरचं घालून बातमी दिली. एवढा टॉवर आल्यावर लोक पेढे नाही वाटणार तर काय करणार?

दुसऱ्या दिवशी धोंडीभाऊंनी ती बातमी वाचली. पुन्हा वाचली. मी प्रश्नाची वाट बघत होतो, पण तो आलाच नाही. "लई ब्येस काम केलंत," एवढंच म्हणाले आणि तडक एसटी स्टँडकडे गेले. म्हटलं, चला, म्हातारा सुधारला!

पुढच्या सोमवारी अकरा वाजल्यापासून ते दुकानाच्या पायरीवर बसून फोन लावत होते. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. ऐकायचे, ठेवायचे, पुन्हा लावायचे. चहा मागवला, तो तसाच निवला. चार वाजता मला राहवेना, मी विचारलं.

हिरडेवाडीला त्यांची थोरली बहीण होती, सगुणाआक्का. नवरा मागेच गेलेला, घरात एकट्या. दर सोमवारी त्या गुडघे धरत धरत वरच्या खिंडीत चढायच्या, कारण रेंज काय ती तिथेच, आणि अकराला हे फोन लावायचे. माझी बातमी वाचून ह्यांनी कंडक्टरकडे निरोप धाडला होता: आता खिंडीत चढू नको, घरीच बस, मी घरी फोन लावतो.

"मग मला विचारलं का नाहीत, गेलता का म्हणून?" मी म्हणालो. चूक माझी आणि वर आवाजही माझाच.

"खरं आसावं आसं वाटलं, राव," ते म्हणाले. "तिचं गुडघं लई दुखत्यात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संपादकांना फोन लावला, खुलासा छापा म्हटलं. ते म्हणाले, "आधी जाऊन बघून या." आता सुचलं ह्यांना!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने निघालो, जुन्नरला गाडी बदलली आणि दुपारी हिरडेवाडीत उतरलो. टॉवर नवाकोरा उभा होता. राखणदार म्हणाला, पेटीवाले येऊन गेले, अँटेनावालेही येऊन गेले, सॉफ्टवेअरवाले यायचेत. कधी येणार ते कुणीच सांगत नाही. मी हे लिहून घेतलं. धोंडीभाऊंनी टॉवरकडे मान वर करूनही पाहिलं नाही. ते केव्हाच आक्कांच्या घराकडे निघाले होते.

आक्का उंबऱ्यात बसल्या होत्या, मांडीवर फोन. "तू म्हनला व्हतास घरी बस, म्हनून कालधरनं पान्याला बी गेले न्हाई," त्या म्हणाल्या. धोंडीभाऊंनी हंडा उचलला आणि ते विहिरीकडे गेले.

मी हात जोडून माझी चूक सांगितली. मग विचारलं, "आक्का, एवढा डोंगर चढून तुम्ही दोघं बोलता तरी काय?"

"बोलतोय कुटं? 'जेवलास का', येवढं इचारते मी. मंग त्यो बी गप, मी बी गप. नुसता फोन धरून बसायचं. त्येची बायकू गेल्यापास्नं त्येला जेवलास का म्हनून इचारनारं कोन ऱ्हायलंय? गुडघं काय, दुखत्यात तर दुखू देत."

धोंडीभाऊ हंडा घेऊन आले. आक्का भिंतीला धरून उठल्या. "जेवलास का रं?"

जुन्नरच्या स्टँडवर माझ्यादेखत त्यांनी तीन वडापाव खाल्ले होते; मीही दोन.

"न्हाई," धोंडीभाऊ म्हणाले. "सकाळधरनं पोटात काय न्हाई, आक्का."

आक्का चुलीपुढे बसल्या. पिठाचा डबा ओढता ओढता त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आन् तुमी, पावणं?"

मीही नाही म्हणून सांगितलं.