घरे सात, दारे बंद

पुस्तकाशी भांडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाकीच्या वाचकांना पुस्तक आवडलं नाही तर ते परत करतात. दगडूनाना पुस्तकाला झापतात, तेही उभं राहून. आमच्या ओतूरच्या वाचनालयात जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर आहे. त्याच्या समासात पेन्सिलीनं जागोजागी लिहिलेलं सापडेल : 'साफ खोटं.' 'आंधळा होता काय?' एका ठिकाणी तर 'ये इकडं, दाखवतो.' मी तिथली ग्रंथपाल, त्यामुळे हे सगळं खोडरबरानं पुसत बसायचं काम माझं. पुसताना मी मनातल्या मनात नानांना जे काही बोलले आहे, ते समासात मावलं नसतं.

नाना एसटीचे निवृत्त कंडक्टर. घाटघरपासून आंबेगावच्या डोंगरापर्यंतच्या सगळ्या मुक्कामी गाड्यांवर त्यांनी नोकरी केली. वय सत्तरीच्या पुढं गेलं, आवाज मात्र अजून गच्च भरलेल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत पोचणारा. वाचनालयात 'शांतता पाळा' अशी पाटी आहे. ती दाखवली तर म्हणाले, "अक्षर झ्याक हाय, ताई," आणि त्याच पट्टीत पुढचं भांडण सुरू केलं.

त्यांचं ठरलेलं वाक्य असं : "कुनी लिव्हलं हे? बोलवा त्याला!"

लिहिणारा साहेब कधीच वारला असणार, हे सांगून मी थकले. त्यावर नाना म्हणाले, "मग त्याच्या हापिसातलं कुनीतरी आसंल की. त्याला बोलवा."

गावांच्या नावांवरून त्यांचं डोकं फिरे. नोकरीत असताना एका पाव्हण्यानं वाडीचं नवं, पाटीवरचं नाव सांगून तिकीट मागितलं. "आसलं गाव या रस्त्याला न्हाई," म्हणून नानांनी तिकीट फाडायलाच नकार दिला. पाव्हणा सासुरवाडीला निघालेला, तोही हटेना. शेवटी मागच्या म्हातारीनं त्याच्या कानात जुनं नाव सांगितलं, ते त्यानं मोठ्यानं म्हटलं, तेव्हा कुठं घंटी वाजली. ही गोष्ट नाना अभिमानानं सांगत. मला त्या पाव्हण्याची दया येई.

रिकामटेकडा माणूस, छंद म्हणून डोकं खातोय, असं मी बरेच दिवस समजत होते. एकदा वैतागून विचारलं, "नाना, एवढं शोधताय तरी काय?"

"सावरमाळ," ते म्हणाले. पहिल्यांदाच हळू बोलले.

सावरमाळ ही नानांची वाडी. आंबेगावच्या डोंगरातली सात घरं. धरणाचं पाणी आलं तेव्हा वाडी पाण्याखाली गेली आणि सात घरं सात दिशांना पांगली. कुणी राजुरीला, कुणी शिरूरकडं, कुणी पार पिंपरीला. वरच्या अंगाला असलेलं मूळ गाव तेवढं वाचलं, आणि तिथल्या भैरवनाथाची चैत्री पुनवेची जत्राही वाचली. त्या जत्रेत एक रीत आहे. देवळाच्या पायरीवर उभा राहून गुरव एकेका वाडीचं नाव पुकारतो. त्या वाडीतल्या थोरल्या घरानं "हाय!" म्हणून ओ द्यायची आणि मानाचा नारळ घ्यायचा. तीनदा पुकारून ओ आली नाही तर नारळ पुढच्या वाडीला. वाडी बुडाली त्या सालापासून सावरमाळचं नाव पुकारणंच बंद झालं. नाना दर जत्रेला भांडत. कमिटीचे अध्यक्ष म्हणत, "नाना, लेखी पुरावा आना. तोंडी कोनबी सांगंल."

म्हणून नाना पुस्तकांशी भांडत होते. गॅझेटियरमध्ये आजूबाजूच्या टेकड्यांची, ओढ्यांची नावं होती, सावरमाळ नव्हती. मला संताप आला. देवळाच्या पायरीवर नाव घ्यायला लेखी पुरावा? या कमिटीवाल्यांच्या आजोबांचा पुरावा कुणी मागितला होता? त्या दिवसापासून मीही कपाटं उपसायला लागले.

फाल्गुनात कुलूपबंद कपाटाच्या तळाशी जुन्या गावपाहण्यांचं एक छापील बाड निघालं. त्या काळचा सरकारी कारकून गावोगाव फिरून घरं मोजायचा, त्याच्या नोंदी. नानांनी बोट ठेवून वाचता वाचता अशी आरोळी ठोकली की पेपर वाचणारे चार जण उठून उभे राहिले.

"सापडली! ताई, वाच. मोठ्यांदी वाच!"

मी वाचलं : "सावरमाळ. घरे सात, दारे बंद, मनुष्य नाही. सबब ओसाड."

शेवटचा शब्द मी गिळायला हवा होता. नानांचा चेहरा बघवेना. मग त्यांचे कान लाल झाले. "ओसाड? माझा पनजा जित्ता आसताना ओसाड? कुनी लिव्हलं हे? बोलवा त्याला!" हातातली पेन्सिल त्यांनी मोडली. मी पाणी आणलं, ते प्यायले नाहीत. पानाच्या डोक्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही तिथ कंची?"

"चैत्र शुद्ध पौर्णिमा."

नाना मग हसायलाच लागले. "आगं, जत्रा! त्यो येडा जत्रंच्या दिशी आलता! त्या दिशी आमच्या वाडीत कुत्रंबी ऱ्हात नव्हतं!"

कमिटीची बैठक देवळाच्या सभामंडपात होती. बाड वाचनालयाबाहेर द्यायचा नियम नाही, म्हणून बाडाबरोबर मीही गेले. अध्यक्षांनी नोंद वाचली आणि मांडीवर थाप मारून हसले. "नाना, तुमीच पुरावा आनला. ओसाड वाडीला कसला वो मान?"

सगळी कमिटी हसली. माझा तोल गेला. मी म्हटलं, "हसताय काय? लाजा वाटू द्या. म्हातारा माणूस नारळ मागायला नाही आला, नाव मागायला आलाय." एक जण म्हणाला, "ताई, तुमी पुस्तकं सांभाळा." मी त्यालाही सोडलं नाही. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नाना मात्र त्या दिवशी ओरडले नाहीत. त्यांनी बाड अध्यक्षांपुढं सरकवलं. "दारं बंद, आसं लिव्हलंय. ओसाड घराला दार कोन लावतंय, राव? मानसं व्हती म्हनून दारं व्हती. आन त्या दिशी ती व्हती कुठं? हितं. ह्याच पायरीम्होरं."

कोपऱ्यात बसलेला म्हातारा गुरव उठला, म्हणाला, "औंदा मी पुकारनार. कुनाला काय करायचं ते करा."

पुनवेच्या दिवशी मी नानांच्या शेजारी उभी होते. धुतलेलं धोतर, नवी टोपी. ते सारखे मागं, गाडीरस्त्याकडं बघत होते. नावं पुकारली जात होती, ओ येत होती, नारळ जात होते. मग गुरवानं श्वास घेतला.

"सावरमाळ!"

नाना गप्प. मला वाटलं ऐकू आलं नाही. मी कोपरानं ढोसलं. "नाना, ओ द्या!"

"सावरमाळ!"

"थोरलं घर आमचं न्हाई," ते कुजबुजले. "आमचं शेवटचं. ओ द्यायचा मान त्येंचा." आणि परत रस्त्याकडं बघितलं. अध्यक्षही आता हसत नव्हते.

"सावरमाऽऽळ!"

"हाय," नाना म्हणाले. मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज माझ्यापर्यंतही नीट पोचला नाही. पण गुरवानं ऐकलं.

नारळ फोडून नानांनी खोबऱ्याचे सात तुकडे केले. एक खाल्ला. सहा धुतलेल्या रुमालात बांधले. परतीच्या गाडीत रुमाल मांडीवर ठेवून बसले होते.

"साही घरांना पत्रं टाकली व्हती. फोनबी केलं. सगळी म्हनली येतो." मग रुमालाची गाठ आवळत म्हणाले : "पानी आलं तवा माझ्या आयनं दार ओढून कडी घातली व्हती, ताई. आत पानी शिरनार, म्हाईत आसून."

मला त्या सहा घरांचा असा राग आला की विचारू नका. नाना मात्र राजुरीची गाडी किती वाजता आहे ते गाडीतल्या कंडक्टरला विचारत होते. खोबरं ओलं होतं, टिकणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाड कपाटात ठेवण्याआधी मी सवयीनं ते पान उघडलं, खोडरबर हातात घेऊनच. 'सबब ओसाड' या शब्दांपुढं पेन्सिलीनं लिहिलेलं होतंच. पण 'साफ खोटं' नव्हतं. लहान, जपून काढलेल्या अक्षरात लिहिलं होतं :

'आम्ही जत्रेला गेलो होतो.'

मी खोडरबर टेबलाच्या खणात टाकला आणि कपाटाला कुलूप लावलं.