दस्तीआडची केतकी

अख्ख्या सेनगाव तालुक्यात निव्वळ डोकं चालवून जगणारी माणसं दोनच. दुसऱ्याचं नाव अजून कळलेलं नाही, तपास चालू आहे. पहिला मी, मोहनसिंग राठोड, खाजगी गुप्तहेर. पुसेगावच्या अलीकडे, आमच्या तांड्याच्या वळणावर माझी पिठाची गिरणी आहे, पण ते नुसतं वेषांतर. लोकांना वाटतं मोहनसिंग पिठानं माखलाय. मोहनसिंग लोकांना वाचत असतो! ज्वारीच्या दळणात एकदम गहू आला की घरी पाहुणे. दळण चार दिवस आलंच नाही की नवराबायकोत भांडण. आजवर मी अकरा प्रकरणं हाताळली. त्यांतली नऊ माझ्या बायकोनं, जिवनबाईनं, सोडवली हे खरं आहे, पण हाताळली मी.

बारावं प्रकरण 'संगीत केतकीहरण'चं.

हे नाटक पुसेगावच्या जत्रेत बावीस वर्षं झालं. चौदा पदं, आणि प्रत्येक पदाला वन्स मोअर. नऊ वर्षांमागं ते बंद पडलं आणि आता त्याचा सिनेमा निघाला. दिवाळीपासून गावाचं कामात लक्ष नव्हतं. 'केतकीप्रेमी' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. सिनेमाची चाळीस सेकंदांची झलक आली, ती आम्ही इतक्यांदा पाहिली की माझा मोबाईल तापून पिठात थंड करायला ठेवावा लागला. झलकेत केतकीचं फक्त पाऊल दिसत होतं. ते डावं की उजवं, यावर ग्रुपमध्ये दोन तट पडले आणि तिघं ग्रुप सोडून गेले. त्यात कुणीतरी बातमी आणली की सिनेमात चौदापैकी नऊच पदं ठेवलीत. त्या दिवशी गिरणीवर एकही दळण आलं नाही.

आमची केतकी म्हणजे सोमेश्वरअण्णा. नऊवारी नेसून ते रंगमंचावर आले की समोरच्या बायका स्वतःचा पदर नीट करायच्या. आज अण्णा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, सोयाबीन पिकवतात आणि नाटक बंद पडल्यापासून त्यांनी जोरदार मिशा राखल्यात. शुक्रवारच्या दुपारच्या खेळाची हिंगोलीच्या टॉकीजची एकेचाळीस तिकिटं आम्ही काढली होती, आणि बरोबर मधली खुर्ची अण्णांची. पडद्यावरची केतकी पास की नापास, हे ते सांगणार होते.

बुधवारी सकाळी त्यांची पोरगी प्रतिक्षा गिरणीवर आली. हातात डबा, डोळे लाल.

"मोहनसिंगकाका, बाबा कालपासून तोंडाला दस्ती गुंडाळून माजघरात बसलेत. बोलत न्हाईत. सिनेमाला येत न्हाई म्हणून राहिले."

"काहून?"

"ते कळलं असतं तर तुमच्याकडं आले असते का?" मग तिनं डबा पोटाशी धरला. "काका, मी लहान होते. दर जत्रेला पहिल्याच अंकात झोपून जायची. बाबांची केतकी मी जागं राहून कधी पाहिलीच न्हाई. आता सिनेमात त्यांच्या बाजूला बसून, हे तुमी कसं करायचे, ते कसं म्हणायचे, असं इचारत पाहायचं होतं. ते नसले तर मी काय पाहू?"

मी डोळ्यांवरून बाही फिरवली. पण गुप्तहेरानं रडायचं नसतं, पिठावर पाणी पडलं तर लगदा होतो.

"हे आईनं दिलंय," तिनं डबा पुढं केला. "हरभऱ्याची डाळ. बारीक, दोनदा दळायची."

मी डबा जिवनबाईच्या हवाली केला आणि जागच्या जागी निष्कर्ष काढला. "हरभऱ्याचं पीठ म्हणजे लाडू. लाडू म्हणजे पाहुणे."

जिवनबाईनं डब्यात पाहिलं. "दोनदा दळायची? मंग लाडू न्हाईत. लाडवाला रवाळ लागतं. अहो, ऐका तर..."

मी ऐकायला थांबलो नाही. पोचलो थेट घटनास्थळी.

ओट्यावर अण्णांचे वडील, संतरामबाबा, काठी धरून बसले होते. वय पंच्याऐंशी, नजर गरुडाची. "पीठ झटक आन् मंग आत जा," म्हणाले.

माजघरात कोपऱ्यात अण्णा. डोळ्यांखाली सगळी दस्ती, खांद्यावरचा मोठा रुमाल. "दाढ सुजली का?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. पहिला तर्क गेला. मग मला कोनाड्यात खडीसाखर आणि ज्येष्ठमधाची कांडी दिसली, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्येष्ठमध गळ्यासाठी. अबोला गळा जपायला. आणि दस्ती गुपित राखायला! म्हणजे सिनेमातल्या केतकीचा आवाज खुद्द अण्णांचा होता आणि कंपनीनं त्यांना तोंड उघडायची बंदी घातली होती. मी ओट्यावरूनच ग्रुपवर टाकलं: 'अत्यंत गोपनीय. केतकी आपलीच.'

गोपनीय बातमी अर्ध्या तासात आखाडा बाळापूरच्या पाहुण्यांपर्यंत पोचली. संध्याकाळी अण्णांच्या दारात हार घेऊन साठ माणसं आणि बँजोपार्टी. संतरामबाबांनी काठी उगारली तेव्हा कुठं वाट मोकळी झाली. आत अण्णांनी खिडकीही लावून घेतली.

प्रतिक्षा माझ्याकडं बघून नुसती म्हणाली, "काका, हे बराबर केलं न्हाई तुमी."

ते मला लागलं. रात्रभर ज्येष्ठमधाचा विचार केला. सकाळी द्वारकाबाईंना, म्हणजे अण्णांच्या बायकोला विचारलं तर म्हणाल्या, "ते माझ्या खोकल्याचं हाय." दुसरा तर्कही गेला. द्वारकाबाईंना बाकीचंही विचारलं, पण त्या पदर तोंडाला लावून चुलीकडं वळल्या. मला वाटलं रडताहेत.

गुरुवारी मी पुन्हा माजघरात ठाण मांडलं. प्रतिक्षानं चहा आणला. अण्णांनी भिंतीकडं तोंड करून, दस्तीखालून चहा घेतला. कप खाली ठेवला. उजव्या हाताची दोन बोटं ओठाकडं गेली, अर्ध्यात थबकली आणि गुपचूप मांडीवर परत आली.

 नऊ वर्षांत अण्णांनी मिशीला पीळ दिल्याशिवाय चहाचा घोट संपवलेला नाही. मी प्रतिक्षाला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "पोरी, घाबरू नको. हा माणूस तुझा बाप न्हाई. तोतया हाय."

"काका, तुमी घरी जा," ती म्हणाली.

घरी जिवनबाई पीठ चाळत होती. मी तिला तोतयाचं सविस्तर सांगितलं. ती हसत हसत खालीच बसली, चाळणीतलं अर्धं पीठ माझ्या अंगावर.

"मिशीला हात न्हाई लावला? अहो, मिशीच नसंल तर लावतील कशाला?"

"मिशी गेली कुठं?"

"काढली! बावीस वर्षं द्वारकाबाई जत्रेआधी हीच डाळ अशीच दोनदा दळून न्यायची. केतकीच्या तोंडाला लावायला. आन् बराबर तीन दिवस आधी अण्णा मिशी काढायचे. शुक्रवारी केतकी म्हणलं, तसा मंगळवारी हात गेला असंल वस्तऱ्याकडं. सवय हाय ती."

"मग लपायचं कशाला?"

"तुमी ओट्यावरून चारदा गेले आले. तिथं कोण बसलंय?"

संतरामबाबा! आमच्याकडं बाप जिवंत असताना मुलगा मिशी उतरवत नाही. उतरवली की लोक विचारतात, कोण गेलं? नाटकाच्या काळात निदान नाटकाचं निमित्त होतं, तरी संतरामबाबा दर जत्रेला महिनाभर पोराशी बोलायचे नाहीत. आता कुठलं निमित्त? सिनेमाला जायला मिशी काढली, हे अठ्ठावन्नाव्या वर्षी बापाला सांगायचं कसं? आणि घराला दार एकच.

जिवनबाईनं पिठाचा डबा उचलला आणि चालायला लागली. तिच्या संरक्षणासाठी मी मागोमाग निघालो. ती थेट ओट्यापुढं उभी राहिली.

"बाबा, अण्णांनी मिशी काढली. उद्या केतकी हाय म्हणून. त्यांना बाहेर येऊ द्या. पोरगी रडून राहिली."

मी दोन पावलं मागं सरकलो. काठीचा पल्ला मला माहीत होता.

"मला आंधळा समजून राहिली का तू?" बाबा म्हणाले. "मंगळवारीच न्हाणीत केसं पाहिले. तवापासून इथं बसून हाव. हा कवा बाहेर येतो आन् मी कवा बोलतो." मग काठीनं जमिनीवर रेघ ओढत त्यांनी विचारलं, "ते पाच पदं काढले म्हणतात. 'वाऱ्या थांब ना' ठिवलं का?"

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. हा माणूस नाटकाला कधी आलाच नव्हता.

"तुमाला पद कसं ठाऊक?" जिवनबाईनं विचारलं.

"घोंगडी पांघरून मागं लिंबाखाली बसत होतो. दर वर्षी. तोंडावर कसं सांगू?" बाबा एकदम खेकसले, "उद्या गाडी किती वाजता हाय?"

शुक्रवारी दहाला टेम्पो निघाला. अण्णा आले, पण दस्ती तशीच. बापलेकात शब्द नाही. खेळ भरलेला होता, त्यामुळं एक तिकीट बाबांना देण्यात आलं. ते माझं होतं. देण्याचा निर्णय माझा नव्हता. मला दाराशी प्लास्टिकचं स्टूल मिळालं. गुप्तहेराला तिथून सगळं दिसतं.

केतकी आली, ती डाव्या पायानं; अण्णांची कायम उजव्या पायानं यायची. आमच्या चाळीस माणसांनी एकदम उसासा टाकला. पण मग 'वाऱ्या थांब ना' सुरू झालं. ठेवलं होतं! आणि आमच्यातलं कुणीच पडद्याकडं बघत नव्हतं, सगळे अण्णांकडं वळलेले. प्रतिक्षा त्यांच्या खांद्याशी झुकून काहीतरी विचारत होती, ते हातानं दाखवत होते, आणि दस्ती कधी गळ्यात घसरली ते त्यांना कळलंही नाही.

पद संपलं. काठी खुर्चीवर आपटली.

"वन्स मोअर!"

संतरामबाबा. पडद्यावरची केतकी काही थांबली नाही, पुढच्या प्रसंगाला निघून गेली. बाबांना त्याचं काही नव्हतं, ते पोराकडं बघत होते.

मध्यंतरात सगळे व्हरांड्यात जमलो. बाबा अण्णांसमोर जाऊन उभे राहिले.

"म्हण."

अण्णांची दोन बोटं उघड्या ओठाकडं गेली. "बाबा, मिशी..."

"मिशी येती परत. तू म्हण."

आणि अण्णांनी म्हटलं. वडापावच्या गाड्याशेजारी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्याच बारीक गोड आवाजात. आत सिनेमा पुढं सुरू झाला, पण कुणी हललं नाही. जिवनबाईनं पदरानं डोळे टिपले आणि तोच पदर माझ्यापुढं केला. मी म्हणालो, डोळ्यात पीठ गेलं.

मग डायरी काढली आणि बाराव्या प्रकरणाची नोंद केली: प्रेक्षक प्रतिक्षा, पद संपेपर्यंत जागी.