सुकलाल आबांची एक चूल

कुणाच्याही घरी गेलं की सुकलाल आबा आधी स्वयंपाकघरात डोकावतात. पाणी नंतर, चहा त्याहून नंतर. "चुली कितल्या?" हाच त्यांचा नमस्कार. एक म्हटलं की ऐसपैस मांडी घालतात. दोन म्हटलं की उभ्या उभ्या घोटभर पाणी पितात आणि निघतात.

आबा आमचे जळगावातले शेजारी. धरणगावच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी आयुष्यभर कापसाच्या गाठी बांधल्या. म्हातारपणी सोयरिकी जमवायचं काम अंगावर घेतलं, तेही फुकट. मुलगा काय करतो, शेती किती, हे बाकीच्यांनी विचारावं. आबा चुली मोजणार. सोनगीरला एका ठिकाणी बोलणी अगदी सुपारीपर्यंत आली होती. आबा हात धुवायला मागच्या दारी गेले, तर पडवीत दुसरी शेगडी. परत येऊन त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "चला." मुलाची आई काकुळतीने सांगत होती की ती शेगडी आंघोळीच्या पाण्याची आहे. आबा म्हणाले, "माय, तिच्यावर तवा व्हता."

माझा मुलगा लग्नानंतर दोन गल्ल्या सोडून वेगळा राहतो. त्यामुळे मी दिसलो की आबा उसासा टाकतात. "गाठ आवळेल राहिली तर कापूस, भाऊ. सुटली का वाऱ्यानं पीस." मग हळूच पुढचं, "मना घर पहा. दोन पोरं, दोन सुना, सगळा बठ्ठा एकजागे जेवतस. एकच चूल शे." मी मान खाली घालायचो. बायको तर आबा दिसले की आत पळायची.

यंदा जनगणनेवाले दारोदार फिरू लागले. एका स्वयंपाकावर जेवणारे ते एक कुटुंब, अशी त्यांची व्याख्या आहे, असं कुठूनसं कानावर आलं आणि आबांना आकाश ठेंगणं झालं. गल्लीभर सांगत सुटले, "सरकार बी मनाच मतनं शे!"

आणि आमच्या गल्लीची पाळी आली त्या दिवशी, भर दुपारच्या उन्हात, आबा आमच्या मागच्या दाराने आत आले. हातात गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी जड. खाली ठेवताना गोधडी सरकली. आत गॅसची शेगडी होती. अजून कोमट, कडेला उतू गेलेल्या दुधाचा डाग.

"दोन तास राहू द्या, भाऊ," आबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले. "वरची आहे. धाकटीची."

"वरची म्हणजे?"

"शेवभाजीच्या तिखटावरून झालं. मोठी तिखट करते, धाकटीला सोसत नाही. झाले त्याला दोनेक वर्षं." मग आवाज आणखी खाली गेला. "तुम्हीबी चला. शेजारी बसेल दिसला म्हणजे मोजणीच्या बाईंना खरं वाटेल."

मी गेलो. का गेलो, हे मला अजून सांगता येत नाही.

जनगणनेच्या बाई म्हणजे शाळेतल्या शिक्षिका. घामाघूम झालेल्या, हातात मोबाइल. भिंती कशाच्या, छत कशाचं, पाणी कुठून, असं विचारत त्या कुटुंबापर्यंत आल्या. आबांनी घसा साफ केला. "एकच कुटुंब. एकच चूल." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

तेवढ्यात आतून, मोठीच्या स्वयंपाकघरातून, धाकटीचा आवाज आला, "ताई, तुमच्याकडे मीठ कुठं असतं?"

बाईंचं बोट मोबाइलवर थांबलं. मोठी सून भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी दारात आली आणि तिथेच खिळली. बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "आबा, दोन असल्या तरी काही बिघडत नाही. आम्हाला फक्त आहे ते लिहायचंय."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "दोन शेतस," ते म्हणाले. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. ज्यांच्यासमोर मी इतकी वर्षं मान खाली घातली, त्यांची मान आता वर येत नव्हती, आणि ते बघायला मी समोर बसलो होतो.

"मग तुमचं नाव कुठे लिहू? जेवता कुठे?" बाईंनी आबांना विचारलं.

"दुपारी खाली जेवतात, रात्री वर," मोठी म्हणाली.

धाकटी बाहेर आली. "रात्री? वर कुठं? मला तर म्हणतात खालून जेवून आलो."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आबांकडे.

"आबा, रात्री तुम्ही काय खाता?" मोठीने विचारलं.

"खातो ना. चौकात मुरमुरे भेटतात. शेव भेटते." आबा टोपीची घडी नीट करत होते. "सुरुवातीला वर जायचो. खाली आलो का तू विचारायचीस, वर काय व्हतं? चांगलं म्हटलं तर तुझं तोंड उतरे, वाईट म्हटलं तर तिच्याशी बेइमानी. म्हटलं, जाऊ द्या. या वयात रात्री भूक लागतेच कुठं?"

बाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि दुसरीकडे पाहिलं. शेवटी आबांचं नाव खालच्या कुटुंबात लिहिलं गेलं, दुपारचं जेवण तरी तिथे खरं होतं म्हणून. मी कुणाचाही निरोप न घेता उठलो. संध्याकाळी आबांचा धाकटा मुलगा येऊन शेगडी घेऊन गेला. तोही माझ्याकडे न बघता.

त्या रात्री भिंतीपलीकडून दोन हाका ऐकू आल्या. एक खालून, एक वरून. "आबा, पान वाढलंय!"

सकाळी उजाडताच आबा पुन्हा आमच्या मागच्या दारात. चेहरा ओढलेला, एक हात पोटावर. या वेळी बायको आत पळाली नाही.

"वहिनी, चिमूटभर ओवा असेल का? दोन्हीकडे पोटभर जेवणं झालं."

"अहो, घरात नाही का ओवा?"

"शे ना. दोन्हीकडे शे." आबांनी मागे वळून आपल्या घराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण जिच्याकडे मागेन, तिला वाटेल तिचंच बाधलं."