कांतीलालशेठच्या पायांची साक्ष

शिरपूर जैनच्या बाजारात कापडाचं दुकान चालवणाऱ्या कांतीलालशेठनी मंगळवारी सकाळी एक साधासाच निर्णय घेतला. नसांची तपासणी करायची नाही. विषय संपला. (त्यांच्या घरात विषय संपवायचा अधिकार पानाबाईंचा होता, हे पस्तीस वर्षांच्या संसारानंतरही ते अधूनमधून विसरत.)

झालं होतं असं, की दोन महिन्यांपासून शेठच्या पायांना मुंग्या येत होत्या. गेल्या आठवड्यात तर गिऱ्हाइकाला नऊवारी दाखवायला ते गादीवरून उठले आणि पाय सोबत आलेच नाहीत. शेठ साड्यांच्या ढिगात आडवे! वाशिमच्या डॉक्टर संघदीपनी पाय ठोकून पाहिले आणि म्हणाले, "काका, नसांची तपासणी करू. थोडा थोडा करंट देऊन बघतो."

करंटची भीती होतीच. पण खरी भीती वेगळी होती. तपासणीत काही निघालं तर डॉक्टर गादीवरून उठवणार, आणि मुलगा मयंक ती गुंडाळून काचेचं काउंटर आणणार. मयंकला टेप लावून दुकान मोजताना त्यांनी दोनदा पाहिलं होतं. आजोबांपासूनच्या त्या पांढऱ्या चादरीच्या गादीवर शेठचा पानाबाईंइतकाच जीव होता. (थोडा जास्तच, पण हे कोणी घरी सांगू नये.)

"माह्या पायाले सारं समजते," ते पानाबाईंना म्हणाले. "करंट कायले पाह्यजे?"

"मंग त्या दिवशी पडले काहून?"

"साडी घसरली."

"अजी, साडी तर गादीवरच होती. घसरले तुमी!"

हा वाद ऐकायला मेडशीची पंचफुला आयतीच बसली होती. लेकीच्या लग्नासाठी साड्या घ्यायला आलेली. चपला रिवाजाप्रमाणे पायरीखाली काढून, गादीवर ऐसपैस मांडी घालून तिने आतापर्यंत एकवीस साड्या नापसंत केल्या होत्या. वादात हार दिसू लागली तसे शेठ उठले, "मी मंदिरात जाऊन येतो" म्हणाले, पायरीखाली पाय सरकवले आणि निघाले.

त्या दिवशी रस्त्यात मान फार मिळाला. पानवाला चक्क उभा राहिला. बसथांब्यावरच्या बाया पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. शेठची छाती फुगली. मंदिरात त्यांनी भगवंतापुढे हात जोडले, आणि बाहेर येऊन चपला घातल्या त्या मनातल्या मनात भाषण जुळवतच.

ते भाषण त्यांनी दुकानाच्या पायरीवर उभं राहून, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर केलं. "आता पाह्य! मंदिरापावतर जाऊन आलो. रस्त्यातला एक एक खडा पायाले समजला. तपासनी क्यान्सल!"

साड्या बांधून अर्धा तास ताटकळत बसलेली पंचफुला म्हणाली, "शेठजी, खडे समजले. माह्या चपला नाई समजल्या काय?"

शेठनी खाली पाहिलं. गुलाबी चपला. वर प्लास्टिकचं फूल. टाचा मागे तीन बोटं बाहेर.

"तुमच्या घालून पाह्यल्या म्या," पंचफुला म्हणाली, "पन एकाच चपलेत माहे दोनी पाय मावते!"

दुकानात हसू फुटलं. शेठही हसले, पण क्षणभरच. एवढं चालून आलो आणि आपल्याच पायांनी आपल्याला काही कळवलं नाही! ते खरोखर घाबरले. पानाबाईंचं हसू विरलं. "उद्या वाशिमले जाऊ," त्या म्हणाल्या, आणि शेठनी मान डोलावली.

तपासणीला शेठ डोळे गच्च मिटून पडले. चिमटा काढावा तसे झटके बसले, पाय आपोआप उडाले आणि पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. एवढ्यासाठी आठवडाभर झोप घालवल्याची त्यांना लाजच वाटली.

"नस खराब नाही, दबलीय," डॉक्टर म्हणाले. "दिवसभर मांडी घालून बसता ना, त्यात गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस चेपते. सुधारेल. फक्त मांडी बंद. खुर्चीवर बसा."

"आन् गादी?"

"गादी राहू द्या की. तुम्ही बसू नका."

शेठना इतका आनंद झाला की त्यांनी वाटेत पेढे घेतले. गादी वाचली होती! मयंकनेही निमूटपणे टेप कपाटात ठेवला. आता गादीवर कोणी बसायचं, हा प्रश्न पानाबाईंनी मांडी घालून तिथल्या तिथे सोडवला.

राहता राहिली खुर्ची. पांढऱ्या चादरीवर ती ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून पायरीशी, दाराच्या कडेला मांडली. शेठ रुबाबात बसले.

दोन दिवसांनी पंचफुला ब्लाऊजपीस बदलायला आली. तिने शेठकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि गुलाबी चपला काढून नीट त्यांच्या पायांजवळ ठेवल्या.

"हे लय चांगलं केलं पानाबाई," ती गादीवर बसत म्हणाली. "चपला राखाले मानूस बसवला."